बाबाजींना दिलेली विश्रांती

सुनंदा ताम्हनकर रागीट होती आणि ते तिने कधी लपवलं नाही. माहेर मिरजेचं. बोलायला लागली की समोरचा आधी आपल्या चपला कुठे आहेत ते बघायचा. चंदीगडच्या महाराष्ट्र मंडळात बायका तिच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवायच्या, आणि ज्या मोठ्या इस्पितळात ती नोकरी करायची तिथले शिकाऊ डॉक्टर ती जिन्यात दिसली की लिफ्टने जायचे. रागवायला तिला कारण लागत नव्हतं असं लोक म्हणायचे. साफ खोटं. कारण दर वेळी असायचं, फक्त ते लोकांना दिसायचं नाही.

ती डॉक्टर नव्हती. कॅन्सरच्या विभागात फिजिसिस्ट होती. कोबाल्टच्या यंत्रातून निघणारे किरण कुठल्या कोनातून आणि किती वेळ सोडायचे, म्हणजे गाठ जळेल पण शेजारचं चांगलं अंग वाचेल, हे गणित तिचं. आणि तिच्या वतीने ते गणित करायचा एक जुनापुराणा कॉम्प्युटर. गोदरेजची दोन कपाटं एकमेकांना चिकटवून ठेवावीत एवढं ते धूड, राखाडी रंगाचं. त्याला स्वतःची थंडगार खोली होती. चोवीस तास तो एका सुरात घुमत राहायचा. इस्पितळाचा इलेक्ट्रिशियन गुरमेलसिंग त्याला ‘बाबाजी’ म्हणायचा, मग सगळेच म्हणायला लागले.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात एकदा वीज गेली ती गेलीच. बाबाजी थांबले. वीज आल्यावर उठेनात. दिल्लीहून इंजिनियर आला, आठवडाभर खपला, कसेबसे उठवले आणि जाताना म्हणाला, “मॅडम, याला एकच आजार आहे. थांबणं. आतली डिस्क फिरत राहिली तर वर्षानुवर्षं फिरेल. थांबून गार झाली की चिकटून बसते. यापुढे बटणाला हात लावू देऊ नका कुणाला.”

सुनंदाने ते शब्द डोक्यात कोरून ठेवले. भांडून बॅटऱ्या मागवल्या, त्याहून जास्त भांडून जनरेटरची वेगळी तार ओढून घेतली. त्यानंतर सहा वर्षं बाबाजी एकदाही थांबले नाहीत. सहा वर्षं! त्या सहा वर्षांत या शहरात आणि आसपासच्या पंजाबात काय चालू राहिलं होतं, सांगा बघू? बस चालेल की वाटेत अडवली जाईल, ठाऊक नाही. दुकान उघडेल की बंदची चिठ्ठी चिकटेल, ठाऊक नाही. सकाळी घरातून निघालेला माणूस संध्याकाळी जेवायला असेल की पेपरात असेल, तेही ठाऊक नाही. सगळ्या मुलखात भरवशाची म्हणावी अशी ही एक घरघर उरली होती, आणि तिची किंमत एका बाईशिवाय कुणाला नव्हती.

अठ्ठ्याऐंशी साली इस्पितळात बॉम्ब ठेवलाय अशी आवई उठली. सगळे बाहेर पळाले. एक जवान या खोलीत शिरला, आतला आवाज ऐकून दचकला आणि म्हणाला, “हे बंद करा आणि बाहेर व्हा.” सुनंदा दारात आडवी उभी राहिली. “मला बाहेर काढायचं तर उचलून काढा. याला हात लावलात तर तुमच्या साहेबाच्या साहेबाला फोन करीन.” जवान बिचारा कपाटाच्या चारी बाजूंनी टॉर्च मारून गेला.

तिचा नवरा श्रीराम हवाई दलात विंग कमांडर. त्याची बदली जोरहाटला झाली तेव्हा सुनंदा चंदीगडातच राहिली. मंडळात कुजबुज झाली. नलिनी दांडेकर नावाच्या एका बाईंनी हळदीकुंकवात सगळ्यांदेखत विचारलं, “मशीनपायी नवरा लांब ठेवलास होय गं?” सुनंदाने वाण हातात घेतलं आणि म्हणाली, “नवरा रुसून थांबला तर चार दिवसांनी परत चालू होतो. याचं तसं नाही.” नलिनीबाईंनी पुढची दोन वर्षं तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

एक्याण्णवच्या ऑक्टोबरात महिंदर कौर आली. तरनतारनकडच्या एका खेड्यातली, पन्नाशीची विधवा बाई. उजव्या गालाच्या हाडात गाठ होती, आणि ती उजवा डोळा कधीच गिळून बसली होती. डावा डोळा शाबूत होता. तीन बस बदलून, प्रत्येक नाक्यावर उतरून झडती देऊन ती पोचली होती. विभागाचे प्रमुख डॉक्टर सूद यांनी तपासलं आणि सांगितलं, सोमवारी किरण सुरू करायचे, गाठ वाट बघणार नाही.

महिंदर कौरने डॉक्टरांना काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर सुनंदाचा हात धरला. “डाक्टरनी, जीव राहिला न राहिला, तो वाहेगुरूंचा हिशेब. हा एक डोळा तेवढा ठेव.”

तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी एका पहाटे घरातून नेला होता. तोंडं बांधलेले लोक होते. अतिरेकी की पोलीस, कुठल्या बाजूचे, तिला आजवर कळलं नव्हतं, आणि जिथे विचारायला गेली तिथे कुणी सांगितलंही नव्हतं. मेल्याची खबर नव्हती, जिवंत असल्याचीही नव्हती. “मी शोधत असते,” ती म्हणाली. “आंधळी झाले तर तो समोरून गेला तरी मला कसं कळायचं?”

सुनंदाने तिला बाकावर बसवलं आणि तिकडे आईला हाक मारतात तशी मारून म्हणाली, “बीजी, तुमच्या डोळ्याची जबाबदारी माझी.” आणि हे ती उगीच म्हणाली नव्हती. बाबाजींना तिरके कोन दिले, किरणांपुढे शिशाच्या पाचरी ठेवल्या आणि प्रत्येक बिंदूचा हिशेब करून घेतला, तर गाठीला पुरेसं आणि डाव्या डोळ्याला अगदी थोडं, असा आराखडा निघणार होता. असे कितीतरी डोळे, कितीतरी पाठीचे कणे बाबाजींनी वाचवले होते. गुरुवारी दुपारी मोजमाप घ्यायचं, संध्याकाळपर्यंत हिशेब, झालं.

आता कर्नल नंदकुमार बेहेऱ्यांकडे वळायला हवं, मन नसलं तरी. तोफखान्यातून निवृत्त झालेला हा सातारचा गडी सहा महिन्यांपूर्वी इस्पितळाचा प्रशासक म्हणून आला होता. महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्षही तोच. माणूस उमदा, हसरा, मदतीला धावणारा. वाईट असता तर सुनंदाने त्याच्यावर पहिल्या दिवसापासून डोळा ठेवला असता. श्रीरामची ओळख धरून तो तिला ऑफिसातसुद्धा ‘वहिनी’ म्हणायचा. तिला ते आवडत नव्हतं, पण परमुलखात मराठी हाक ऐकली की माणूस विरघळतो. तिथेच ती चुकली.

मंगळवारी तो म्हणाला, “वहिनी, गुरुवारी खंडेनवमी. यंदा बाबाजींची पूजा करू या. आपलं शस्त्र ते.”

“करा की,” ती म्हणाली. “हळद लावा, कुंकू लावा, नारळ फोडा. बाहेर फोडा, पाणी उडता कामा नये. पण यंत्र चालूच राहील. बंद करायचं नाही.”

“हो हो,” कर्नल म्हणाला.

गुरमेललाही तिने हेच सांगितलं होतं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिकडे विश्वकर्म्याची पूजा असते, कारखाने बंद, हत्यारं खाली. गुरमेलने पहिल्याच वर्षी टिळ्याची वाटी आणि बुंदी घेऊन विचारलं होतं, “बंद करू?” ती खेकसली, “हात तोडीन.” तेव्हापासून दर वर्षी तो चालत्या बाबाजींना टिळा लावून, हात जोडून निघून जायचा. परका पंजाबी माणूस एका शब्दात समजला. आपला माणूस नाही समजला.

गुरुवारी दुपारी सुनंदा पलीकडच्या खोलीत महिंदर कौरच्या चेहऱ्याचं माप घेत होती. शिशाची मऊ तार कपाळावरून, नाकावरून, गालावरून वाकवत आणायची आणि तो आकार कागदावर उतरवायचा. काम झालं. कागद घेऊन ती बाबाजींच्या खोलीकडे आली, दार लोटलं आणि जागच्या जागी थांबली.

खोलीत आवाज नव्हता.

बाबाजींना झेंडूची माळ होती. हळदकुंकवाची बोटं उमटली होती. पुढ्यात तांदळाची रास, तिच्यावर सुपारी, आणि कर्नल बेहेरे अनवाणी, हात जोडून उभा. गुरमेल कोपऱ्यात, त्याचा चेहरा पांढराफटक.

“कुणी बंद केलं?”

“या वहिनी, आरतीला अगदी वेळेवर—”

“कुणी बंद केलं म्हणते मी!”

“मीच केलं. अहो, खंडेनवमी ना. चालत्या शस्त्राची पूजा होत नाही. आमच्या युनिटमध्ये तोफासुद्धा या दिवशी गप्प. सहा वर्षं राबतोय बिचारा, एक दिवस विश्रांती—”

“तुम्हाला मी मराठीत सांगितलं होतं! बंद करायचं नाही म्हणून! कुठली भाषा हवी होती तुम्हाला?”

“मला वाटलं, कायमचं बंद करायचं नाही असं म्हणताय. वहिनी, परवा सकाळी लावू की चालू.”

“परवा कशाला? आत्ता लावते. तुम्ही इथेच उभे राहा आणि डोळे उघडे ठेवा.”

तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिने बटण दाबलं. पंखे फिरले. दिवे लागले. खालच्या कप्प्यातली डिस्क एकदा कण्हली, दुसऱ्यांदा कण्हली आणि थांबली. मग जळका वास आला. गुरमेलने झडप घालून वीज तोडली. झाकण काढून त्याने डिस्कला हाताने हिसका देऊन पाहिला, खालून ठोकून पाहिलं, पुन्हा वीज दिली. काही नाही. दिल्लीला फोन लावला तर तिकडचा माणूस म्हणाला, या मॉडेलचे भाग आता मिळत नाहीत, दिवाळीनंतर कुणाला तरी पाठवतो.

“नवीन कॉम्प्युटर येणारच आहे,” कर्नल हळूच म्हणाला.

“कधी?”

“मार्चपर्यंत.”

सुनंदाने माळ ओरबाडून काढली आणि त्याच्या पायाशी फेकली. “मार्चपर्यंत महिंदर कौरचा डोळा तुमच्या खिशात ठेवा!” ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. “वर्षानुवर्षं एक वस्तू तक्रार न करता चालते, कुणाच्या बापाला तिची आठवण होत नाही. आणि आठवण झाली की काय करता? थांबवता! प्रेम आलं म्हणे! तुमचं प्रेम घाला चुलीत!”

डॉक्टर सूदांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “सोमवार टळणार नाही. तो चुकला तर कोबाल्टच्या यंत्रावर तिला पुढची जागा दिवाळीनंतर मिळेल, तोवर गाठ मेंदूकडे जाईल. आराखडा नसेल तर दोन बाजूंनी सरळ किरण सोडू.”

“सरळ म्हणजे दोन्ही डोळ्यांमधून.”

“जीव वाचवायचा आहे, मिसेस ताम्हनकर.”

त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून तर ती जास्त चिडली. “सोमवारी सकाळी तुमच्या टेबलावर आराखडा असेल,” ती म्हणाली आणि दार आपटून बाहेर पडली.

कॉम्प्युटर येण्याआधी हेच गणित हाताने करत. किरण शरीरात शिरला की किती खोलीवर किती उरतो, याचे पारदर्शक कागदांवर काढलेले नकाशे असत. चेहऱ्याच्या आकारावर एका कोनातून एक नकाशा ठेवायचा, दुसऱ्या कोनातून दुसरा, आणि शेकडो ठिपक्यांवर दोन्हींची बेरीज करायची. डोळ्याला जास्त जातंय असं दिसलं की कोन बदलायचा आणि पहिल्यापासून सुरू. बाबाजी ते बसल्या जागी करायचे. एकट्या माणसाला आठवडा लागला असता, आणि तिच्याकडे तीन दिवस होते.

शुक्रवारी दसरा. सकाळी तिच्या क्वार्टरची बेल वाजली. दारात कर्नल बेहेरे, हातात कचनारची पानं. चंदीगडात आपटा मिळत नाही, पण कचनार रस्तोरस्ती, पान हुबेहूब तसंच, म्हणून तिथली मराठी माणसं तेच सोनं म्हणून वाटतात.

“सोनं घ्या वहि... सोनं घ्या.”

“लाज नाही वाटत?”

“वाटते. म्हणूनच आलो. काय करू सांगा.”

तिला दार लावून घ्यायचं होतं. हात दाराच्या कडीवर होतासुद्धा. पण आत टेबलावर कागद पसरले होते आणि महिंदर कौरची सोमवारची सकाळ कुणाच्या रागासाठी थांबणार नव्हती.

“तोफखान्यात होतात ना? तोफेचं गणित करायचात की नुसते हुकूम सोडायचात?”

“बावीस वर्षं गणितच केलंय.”

“मग ती पानं ठेवा तिकडे आणि बसा. मी आकडा वाचीन, तुम्ही बेरीज करायची. चुकलात तर मी ओरडणार. ओरडणारच आहे, चुकला नाहीत तरी.”

ती ओरडली. शुक्रवारी ओरडली, शनिवारी ओरडली. तो बेरजा करत राहिला. तीन वेळा सगळं मोडून पुन्हा मांडावं लागलं, कारण गाठीचा एक कोपरा सुटत होता नाही तर डोळा भाजत होता. दसऱ्याच्या संध्याकाळी मैदानावर रावण पेटला, फटाके वाजले. त्या दिवसांत फटाके वाजले तरी माणसं आधी खिडकीपासून लांब व्हायची. ही दोघंही झाली आणि मग पुन्हा कामाला लागली. रविवारी दुपारी शेवटची बेरीज जुळली. बाबाजींनी काढला असता तितका रेखीव आराखडा नव्हता, डोळ्याला थोडं जास्त जात होतं. पण डोळा त्यात वाचू शकत होता.

“मॅडम, जमलं का?” कर्नलने विचारलं. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याचं ‘वहिनी’ गळून पडलं होतं.

“बघू,” ती म्हणाली. आभार मानले नाहीत, चहाही विचारला नाही.

सोमवारी महिंदर कौर कोबाल्टखाली गेली, पहिला दिवस पार पडला. ती बाहेर आली तेव्हा कर्नल तिथे उभा होता. मोडक्या पंजाबीत त्याने तिला सगळं सांगितलं. आपण यंत्र कसं बंद केलं, त्याने तिचा डोळा कसा धोक्यात आला, काही म्हणजे काही लपवलं नाही. महिंदर कौरने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “थकले असतील बाबाजी. तू झोपवलंस. त्यात तुझा काय दोष, पुत्तर?”

सुनंदाचा तोल गेला. “बीजी, याला माफ करू नका! मी करणार नाही, तुम्हीही करू नका! तुमचा डोळा जाणार होता! रागवा की जरा!”

महिंदर कौरने तिच्याकडे पाहिलं. “मी रागवायला बसले, डाक्टरनी,” ती म्हणाली, “तर सुरुवात कुणापासून करू?”

सुनंदा आपल्या खोलीत गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पलीकडच्या थंड खोलीतून काहीच आवाज येत नव्हता, त्याची सवय तिला पुढेही झाली नाही.

किरणांचा कोर्स सहा आठवडे चालला. एक दिवस शहर बंद राहिलं, एक दिवस कर्फ्यूची अफवा आली. महिंदर कौर गुरुद्वाऱ्याच्या सराईत राहून रोज चालत यायची. गाल भाजून काळा पडला, गाठ बसली. डावा डोळा लाल झाला, पाणी गळायला लागलं, आणि रोज सकाळी सुनंदा स्वतः त्याच्यापुढे बोटं धरून “किती?” म्हणून दरडावायची.

शेवटच्या दिवशी तिने महिंदर कौरला विभागाच्या लांब गल्लीत उभं केलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी तपासून डोळा बराच शाबूत असल्याचं सांगितलं होतं, पण सुनंदाचा दुसऱ्यांच्या शब्दावर विश्वास नव्हता. ती बोटं दाखवायला लागली तेव्हा महिंदर कौरने तिला थांबवलं. कुडत्याच्या आतल्या खिशातून तिने एक फोटो काढला. विशी-बाविशीचा पोरगा, ट्रॅक्टरला टेकून उभा. “बोटं राहू दे. हा घेऊन लांब जा.”

सुनंदा फोटो छातीशी धरून मागे मागे सरकली. “दिसतो?”

“दिसतो.”

आणखी मागे. “आता?”

“दिसतो.”

ती गल्लीच्या टोकाला, शेवटच्या खिडकीला पाठ लागेपर्यंत गेली. “बीजी, खरं सांगा. इथून चेहरा दिसतो?”

महिंदर कौरने डोळ्यातलं पाणी ओढणीने टिपलं आणि एकटक पाहिलं. “चेहरा नाही दिसत. पण उभा आहे तो कळतो. असाच उभा राहायचा, एका पायावर भार टाकून.” मग समाधानाने मान हलवली. “पुरे एवढं. बसच्या खिडकीतून रस्त्याकडेचा माणूस एवढ्याच लांब असतो.”

तेवढ्यात ओपीडीची गर्दी गल्लीत घुसली. स्ट्रेचर, बायका, पोरं, फायली घेतलेले शिपाई, सगळे त्या दोघींच्या मधून जायला लागले. महिंदर कौर मान उंचावून, इकडून तिकडून वाकून बघत होती. सुनंदाने फोटो दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला आणि घसा फाटेपर्यंत ओरडली, हिंदीत, मराठीत, तोंडाला येईल त्या भाषेत. “हटो! बाजूला व्हा! बाजूला व्हा सगळे! बघू दे तिला!”